घाटे अळीच्या पेशीतले स्फटिक: एचएएनपीव्ही घरी तयार करण्याची, मोजण्याची आणि फवारण्याची रीत

‘हरभऱ्यावर विषाणू फवारला, पण अळी काही मेली नाही’ ही तक्रार दर रब्बीत कानावर येते. बहुतेक वेळा घाटे अळी मारणारा हा विषाणू, एचएएनपीव्ही, चांगला असतो, चूक हाताळणीत असते. कुणी भर दुपारी फवारतो, कुणी बोटाएवढ्या अळ्यांवर फवारतो, कुणी चिकट द्रव नाही म्हणून कपडे धुण्याची पावडर टाकतो, कुणी बाटली न हलवता वरचं पाणी ओततो. पाहायला गेलं तर सगळ्यांचं मूळ एकच आहे. आपण विष फवारतोय असं डोक्यात असतं, प्रत्यक्षात आपण प्रथिनाचे स्फटिक फवारत असतो. त्यांची जपणूक वेगळी, मोजमाप वेगळं आणि वेळही वेगळी.

आधी स्फटिक समजून घ्या

एचएएनपीव्ही हा घाटे अळीचा, म्हणजे हेलिकोव्हर्पाचा, विषाणू. पेशीत शिरला की तो केंद्रकात ठाण मांडतो आणि आधी स्वतःच्या प्रती काढतो. शेवटच्या टप्प्यात तो पेशीकडून एकच प्रथिन भरमसाट तयार करून घेतो, पॉलिहेड्रिन. साधारण २९ किलोडाल्टनचं हे प्रथिन जिवंत पेशीच्या केंद्रकातच एकावर एक शिस्तीत रचलं जातं आणि रचताना तयार विषाणूकण आत चिणले जातात. एका स्फटिकात असे डझनावारी कण असतात. स्फटिकाचा आकार एक-दोन मायक्रॉनच्या आसपास. बाटलीवर ‘पीओबी’ लिहिलेलं असतं ते हेच. केंद्रक स्फटिकांनी गच्च भरलं की पेशी फुटते.

हा स्फटिक साध्या पाण्यात विरघळत नाही, अळी कुजली म्हणून बिघडत नाही, सावलीत मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्याला विरघळवते ती तीव्र अल्कली. घाटे अळीच्या आतड्याचा सामू १० च्या आसपास असतो. तिथे पोचला की स्फटिक काही मिनिटांत विरतो आणि आतले विषाणू मोकळे होऊन आतड्याच्या पेशींत घुसतात. म्हणजे अळीने गिळल्याशिवाय काहीच घडत नाही, अंगावर थेंब पडून ती मरत नाही. दुसरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी स्फटिक वरून शाबूत दिसला तरी आतला विषाणू निकामी होतो.

पुढची प्रत्येक पायरी एवढ्यावरच बेतलेली आहे: अल्कली आणि ऊन यांपासून वाचवून अख्खा स्फटिक अळीच्या तोंडापर्यंत न्यायचा.

पायरी १: वेळापत्रक आणि जागा

घरी तयार करायचं तर फवारणीच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात हवी. लागण केलेल्या अळ्या मरायला पाच ते आठ दिवस, स्फटिक खाली बसायला सुमारे आठवडा, वर मोजणी. हरभऱ्यावर अळी दिसल्यावर कामाला लागलात तर घाटे हातचे जातात. सोय अशी की तूर हरभऱ्याच्या आधी फुलोऱ्यात येते. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरीवरच्या अळ्या घेऊन तयारी केली तर हरभऱ्याला वेळेवर विषाणू मिळतो.

सामान फार लागत नाही. झाकणाच्या लहान डब्या (झाकणाला सुईने भोकं पाडलेल्या), काबुली हरभरा, मलमलीचं कापड, खल किंवा फक्त याच कामाचं मिक्सरचं भांडं, उकळून गार केलेलं पाणी, गडद रंगाच्या बाटल्या, हातमोजे, मास्क. मूळ विषाणू कृषी विज्ञान केंद्रातून, कृषी विद्यापीठाच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेतून किंवा नोंदणीकृत बाटलीतून घ्या.

जागा सावलीची आणि शक्यतो २५ ते २८ अंशांची हवी. पत्र्याच्या शेडमध्ये हे काम होत नाही. पारा ३५ च्या वर गेला की अळीच्या शरीरात विषाणूची वाढ मंदावते, अळ्या धड मरत नाहीत आणि मेल्या तरी स्फटिक कमी निघतात.

इशारा: घरी केलेला विषाणू स्वतःच्या शेतापुरता. विकायचा असेल तर कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी लागते.

पायरी २: अळ्या गोळा करणं

सकाळी तुरीच्या झाडाखाली ताडपत्री अंथरा आणि झाड हलक्या हाताने हलवा. पडलेल्या अळ्यांतून घाटे अळी निवडा. रंगावर जाऊ नका. ती हिरवी, तपकिरी, गुलाबी कशीही असते. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबट फिकट-गडद पट्टे पाहा. पिसारी पतंगाची केसाळ छोटी अळी किंवा स्पोडोप्टेरा (पानं खाणारी अळी) इथे चालत नाही. हा विषाणू घाटे अळीपुरताच आहे, स्पोडोप्टेराचा विषाणू वेगळा, एसएलएनपीव्ही.

आकार फार महत्त्वाचा. फार लहान अळीला लागण केली तर ती लवकर मरते आणि शरीरच लहान असल्याने स्फटिक नगण्य निघतात. अगदी मोठी घेतली तर मरण्याआधी कोषात जाते. चौथी कात टाकून नुकतीच पाचव्या अवस्थेत आलेली अळी सगळ्यांत फायद्याची.

एकराला किती लागतील? एका मोठ्या अळीतून चांगल्या परिस्थितीत ६०० कोटींच्या आसपास स्फटिक निघतात आणि हेच ‘एल.ई.’ या मापाचं मूळ आहे: एक एल.ई. म्हणजे ६०० कोटी स्फटिक. घरच्या कामात इतके क्वचित मिळतात. म्हणून एकरी २०० एल.ई. हवे असतील तर किमान ३०० अळ्यांची तयारी ठेवा.

तपासा: गेल्या पंधरवड्यात कीटकनाशक फवारलेल्या शेतातल्या अळ्या घेऊ नका. मलूल, वळवळ न करणाऱ्या किंवा अंगावर काळे ठिपके असलेल्या अळ्याही सोडून द्या. त्यांच्यात बहुधा परजीवी किडा असतो, तो शेतातच राहिलेला बरा.

पायरी ३: लागण

काबुली हरभरा रात्रभर भिजवा. दाणे खाण्याचे हवेत, बियाण्याचे नकोत. बीजप्रक्रिया केलेला एक दाणासुद्धा अळीला विषाणूच्या आधी मारतो आणि विषाने मेलेल्या अळीत स्फटिक नसतात.

मूळ विषाणूची तीव्रता मिलीला १०० कोटी असेल तर बाटली जोरात हलवून १० मिली घ्या आणि एक लिटर पाण्यात मिसळा. मिलीला एक कोटी स्फटिकांचं द्रावण झालं. भिजलेले दाणे निथळून यात दहा मिनिटं बुडवा, सावलीत पृष्ठभाग सुकेपर्यंत पसरा. प्रत्येक दाण्यावर काही लाख स्फटिक बसतात, एका अळीला ते पुरेसे आहेत.

एका डबीत एकच अळी आणि एक-दोन दाणे. इथे काटकसर करू नका. घाटे अळी दुसऱ्या घाटे अळीला खाते. एका डब्यात वीस टाकल्या तर आठवड्याने पाच उरतात आणि सगळी मेहनत त्यांच्या पोटात जाते. पहिले दाणे संपले की पुढे साधे भिजवलेले दाणे द्या, एक दिवसाआड बदला, बुरशी आलेला दाणा लगेच काढा.

इशारा: निरोगी अळ्या ठेवायच्या असतील तर वेगळ्या खोलीत, आणि रोज आधी निरोगी अळ्यांचं काम उरकून मगच लागण केलेल्यांना हात लावा.

पायरी ४: काढणीची नेमकी वेळ

सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळी खाणं कमी करते. अंग फुगीर, तेलकट, फिकट गुलाबी किंवा दुधाळ दिसू लागतं. नंतर ती डबीच्या झाकणाकडे चढते आणि मागच्या पायांवर डोकं खाली करून लोंबते. शेतात हेच ती झाडाच्या शेंड्यावर जाऊन करते. मेल्यानंतर काही तासांत कातडी इतकी नाजूक होते की चिमटा लागताच फुटून पांढरट-तपकिरी पाणी वाहतं.

घाईने पाचव्या दिवशीच जिवंत, आजारी अळ्या उचलल्या तर पेशींत स्फटिक अजून भरायचे असतात. संख्या कमी आणि प्रभावही कमी. उलट दोन-तीन दिवस तशाच राहू दिल्या तर त्या फुटून डबीभर पसरतात आणि जिवाणूंचा सुकाळ होतो. स्फटिक त्याने मरत नाहीत, पण द्रावण सडतं, दुर्गंधी येते, मोजणी अवघड होते आणि फवारणाऱ्याच्या तब्येतीलाही ते बरं नाही.

म्हणून सहाव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ डब्या पाहा. मेलेली, मऊ पडलेली, पण अजून न फुटलेली अळी दिसली की उचला, बाटलीत टाका आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवा. पुरेशा झाल्या की एकदम पुढचं काम करा. हा फ्रीज घरच्या खाण्याचा नसावा.

तपासा: काळी पडलेली, घाण वास येणारी पण कातडी चिवट असलेली अळी बहुधा जिवाणूंनी मेलेली असते. कडक, पांढरी किंवा हिरवट भुकटी धरलेली अळी बुरशीने मेलेली असते. दोन्ही फेकून द्या.

पायरी ५: वाटणं, गाळणं, बसवणं

अळ्या थोड्या गार पाण्यात वाटा. दुहेरी मलमलीतून गाळा, चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पिळा, असं दोन-तीनदा. चोथ्यात पुष्कळ स्फटिक अडकून राहतात, एकदा पिळून टाकून देऊ नका.

सेंट्रिफ्यूज मिळाला तर मिनिटाला ५०० फेऱ्यांवर एक मिनिट फिरवा. जाड कचरा तळाशी बसतो, स्फटिक वरच्या पाण्यात राहतात. ते पाणी घेऊन ५००० फेऱ्यांवर वीस मिनिटं फिरवा, आता स्फटिक तळाशी आणि वरचं पाणी टाकायचं. इथे नेहमीची गल्लत म्हणजे पहिल्या फेरीनंतर तळ ठेवून वरचं ओतून देणं. सगळा माल गटारात जातो.

सेंट्रिफ्यूज नसेल तर पसरट, काचेच्या भांड्यात सावलीत न हलवता ठेवा. एवढे बारीक स्फटिक दिवसाला दोनेक सेंटिमीटरच खाली उतरतात, म्हणून उंच बाटली वापरू नका. पाच सेंटिमीटर थर असेल तर तीन दिवसांत तळाशी राखाडी-पांढरा साका दिसतो. वरचं पाणी नळीने अलगद काढा, साक्यात स्वच्छ पाणी घाला, पुन्हा बसू द्या. दोनदा धुतलं की पुरे.

इशारा: धुण्यासाठी साबण, सोडा, चुना, ब्लीचिंग पावडर यांतलं काहीही नको. काम संपल्यावर भांडी आणि डब्या निर्जंतुक करायला मात्र धुण्याचा सोडा हीच योग्य वस्तू, कारण त्यात स्फटिक विरतात. नंतर साध्या पाण्याने तीनदा खळबळून घ्या, नाहीतर पुढची तुकडी त्याच सोड्यात विरेल.

पायरी ६: मोजणी

न मोजता फवारणं म्हणजे अंधारात हात मारणं. गढूळपणावरून काही कळत नाही, गढूळ पाण्यात जिवाणू आणि चरबीही असते. जवळच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात सूक्ष्मदर्शक आणि रक्तपेशी मोजायची न्यूबॉर काचपट्टी मिळते.

आधी स्फटिक ओळखा. ४०० पट मोठं करून, प्रकाश थोडा कमी करून पाहिलं की गोलसर-कोनदार, काठाशी चमकणारे, सगळे जवळपास एकाच मापाचे दाणे जागच्या जागी थरथरताना दिसतात. चरबीचे थेंब लहान-मोठे आणि अगदी गोल असतात, जिवाणू लांबट असतात. शंका असेल तर आच्छादन काचेच्या कडेला सौम्य कॉस्टिक सोड्याचा एक थेंब सोडा आणि डोळा लावून बसा. सोडा आत सरकत येतो तसे स्फटिक फुगतात, काठ पुसट होतो आणि बघता बघता नाहीसे होतात. थेंब आणि जिवाणू मात्र तिथेच राहतात. अळीच्या आतड्यात घडतं तेच इथे काचेवर दिसतं. ही चाचणी प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, मग धुण्याची पावडर पंपात टाकायला हात धजत नाही.

आता मोजा. मूळ द्रावण हजारपट पातळ करा: एक मिली नऊ मिली पाण्यात, असं तीनदा, दर वेळी हलवून. काचपट्टी भरून दहा मिनिटं थांबा, स्फटिक तळाशी बसू द्या. लगेच मोजलं तर अर्धे नजरेच्या पातळीबाहेर तरंगत असतात. मधल्या २५ चौकोनांपैकी चार कोपऱ्यांतले आणि एक मधला असे पाच मोजा. बेरीज गुणिले ५०,००० गुणिले पातळ केल्याची पट, हा मिलीतला आकडा.

उदाहरण घ्या. पाच चौकोनांत मिळून २४० स्फटिक आले. २४० गुणिले ५०,००० म्हणजे १ कोटी २० लाख. त्याला १००० ने गुणलं की मिलीला १२०० कोटी, म्हणजे मिलीला दोन एल.ई. एकराला २०० एल.ई. हवे तर १०० मिली पुरतं.

इशारा: एल.ई. आणि मिली एकच समजू नका. मिलीला १०० कोटी तीव्रतेच्या द्रावणात एका मिलीत एल.ई.चा सहावाच हिस्सा असतो. विकतची नोंदणीकृत बाटली असेल तर हा हिशेब बाजूला ठेवा आणि तिच्या लेबलवरची मात्रा पाळा. घरच्या द्रावणाला मात्र मोजणीशिवाय मात्रा नाही.

पायरी ७: साठवण

गडद बाटली, फ्रीज, वर तारीख आणि मिलीतला आकडा. जीपच्या काचेमागे, गोठ्याच्या पत्र्याखाली किंवा बांधावर उन्हात ठेवलेली बाटली वापरू नका.

पायरी ८: फवारणी

कधी: मीटरभर ओळीत एक-दोन लहान अळ्या दिसल्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग अडकले की. अळ्या एक सेंटिमीटरच्या आतल्या असाव्यात. त्याहून मोठ्या अळीला मारायला कितीतरी पट जास्त स्फटिक लागतात आणि मरेपर्यंत ती घाटे पोखरतच राहते.

वेळ: संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. रात्रभर अळी खाते आणि सकाळच्या उन्हाआधी बऱ्यापैकी स्फटिक पोटात गेलेले असतात.

पाणी: सामूच्या पट्टीवर ६ ते ८. पंप स्वच्छ. बोर्डो मिश्रण फवारलेल्या पंपात चुना राहतो, तो पंप आधी नीट धुवा.

मिश्रण: एकराला २०० लिटर पाणी धरा, म्हणजे १५ लिटरचे साधारण १३ पंप. वरच्या उदाहरणातला १०० मिली विषाणू थेट पंपात थेंब-थेंब वाटत बसू नका. बादलीत १३ लिटर पाणी घ्या, त्यात विषाणू आणि विरघळवून गाळलेला एक किलो गूळ घाला आणि प्रत्येक पंपात यातलं एक लिटर, दर वेळी ढवळून. गुळाने अळी जास्त खाते. उन्हापासून बचावाला राणीपालसारखं पांढरेपणा आणणारं द्रव्य लिटरला एक ग्रॅमपर्यंत, आणि शेतीसाठीचा चिकट द्रव त्याच्या लेबलप्रमाणे. कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते, ती नको. ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि चुना असलेलं काहीही सोबत मिसळू नका.

फवारा बारीक, आणि रोख फुलं, घाटे आणि कोवळ्या शेंड्यांकडे. अळी खाते तिथे स्फटिक हवा, जमीन भिजवून उपयोग नाही.

कापसावर हाच विषाणू वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कापसाच्या पानावरचं दव अल्कधर्मी असतं, त्यात विषाणू लवकर निकामी होतो. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, ती आम्ल, त्यामुळे तिथे हा धोका नाही. कापसावरची मात्रा हरभऱ्यावरून ठरवू नका.

पायरी ९: नंतरची पाहणी

दुसऱ्या दिवशी शेतात अळ्या वळवळताना दिसणारच. इथे धीर सुटतो आणि तिसऱ्या दिवशी कीटकनाशकाचा पंप बाहेर निघतो. थांबा. चौथ्या दिवसापासून फिकट, सुस्त अळ्या शोधा. पाचव्या ते आठव्या दिवसात शेंड्यांवर उलट्या लोंबणाऱ्या अळ्या दिसायला हव्यात. एखादी काठीने टोचून पाहा, कातडी फुटून पाणी आलं तर लागण विषाणूचीच आहे.

सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा मीटरभर ओळीतल्या जिवंत अळ्या मोजा, शेतात दहा ठिकाणी. लहान अळ्या अजून मीटरला एक-दोन असतील तर त्याच संध्याकाळी दुसरी फवारणी. लोंबणारी एकही अळी नसेल तर दुसरी फवारणी करू नका. आधी उरलेलं द्रावण काचपट्टीवर तपासा, पाण्याचा सामू बघा, फवारणीची वेळ आठवा. आणि उरलेल्या अळ्या मोठ्या असतील तर विषाणूवर वेळ घालवू नका. वेचणी करा, शेतात पक्षीथांबे लावा आणि नुकसान वाढत असेल तर शिफारशीतल्या कीटकनाशकाकडे वळा.